आपत्तीपूर्व नियोजन : सामाजिक संस्थांची जबाबदारी

पूर, भूकंप, दरड, वीज, आग हे शब्द उच्चारले की आपल्या मनात निसर्गाच्या कोपाचे चित्र उभे राहते. परंतु निसर्गातील प्रत्येक उलथापालथ ही आपत्ती नसते. निर्जन डोंगरावरची दरड कोसळली तर ती केवळ भूगर्भाची घटना ठरते; त्याच दरडीखाली पंचवीस घरांची वाडी असेल तर ती आपत्ती होते. घटना निसर्ग घडवतो. तिची आपत्ती होते ती माणसांच्या वस्तीमुळे, घरांच्या बांधणीमुळे, गरिबीमुळे आणि पूर्वतयारीच्या अभावामुळे. यातील पहिली गोष्ट आपल्या हाती नाही, पण उरलेल्या बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत. म्हणूनच शाळा, वसतिगृहे, वाचनालये, महिला मंडळे, बालवाड्या किंवा दवाखाने चालविणाऱ्या सामाजिक संस्थांनी या विषयाकडे केवळ शासनाचे काम म्हणून पाहून चालणार नाही.

आपल्या संस्थांचा संबंध ज्या समाजाशी येतो, तो बहुधा गावाच्या कडेला, नदीच्या पात्रालगत, नाल्याच्या काठी किंवा डोंगराच्या उतारावर राहतो. उंचावरची, टणक जमिनीची जागा ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, ती त्यांच्याकडेच राहिली. उरलेल्यांच्या वाट्याला सखल जागा आल्या. त्यामुळे पाणी सर्वांत आधी त्यांच्याच दारात येते आणि सर्वांत शेवटी तेथून ओसरते. हे वास्तव ध्यानात घेतले म्हणजे आपत्तीपूर्व नियोजन हा सामाजिक न्यायाचाच एक भाग आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अनुभवाने शिकविलेले धडे

महाराष्ट्राने गेल्या तीन दशकांत यासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. शासकीय नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. धक्क्याची तीव्रता सहाहून थोडीच अधिक होती. जगात इतक्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी होत असतात. येथे माणसे मारली ती घरांनी. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर फूट-दोन फूट मातीचे धाबे अशी ती घरे होती. उन्हापासून रक्षण करणारे तेच छत झोपेतल्या माणसांवर कोसळले.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहरातील कुलाबा वेधशाळेत मात्र शंभर मिलिमीटरही नोंद झाली नाही. दक्षिण मुंबईत बसलेल्या माणसाला उपनगरात काय चालले आहे याची कल्पना येणे कठीण होते. आपत्ती नेहमी स्थानिक असते आणि तिची पहिली खबर स्थानिक माणसालाच असते, हा त्यातील धडा. पाणी ओसरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने पुन्हा बळी घेतले, हा दुसरा धडा.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकामुळे, त्याला गाव जागेवर दिसले नाही. संकटात सापडलेल्या गावातून हाक मारणारेच कोणी उरले नाही, तर मदत निघायची कशी? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. बचावपथके डोंगर चढून पोहोचली आणि यंत्रे नेता न आल्यामुळे हातांनी माती उपसावी लागली. जी मुले शिक्षणासाठी वाडीबाहेरच्या आश्रमशाळेत होती ती वाचली. पण त्यांपैकी कित्येकांचे आई-वडील गेले.

या घटनांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे. बाहेरची मदत, ती कितीही तत्पर असली, तरी काही तासांनी पोहोचते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची जवळची तुकडी निघाली तरी घाटरस्ता बंद असतो, पूल पाण्याखाली असतो. पहिल्या काही तासांत जीव वाचवितात ते शेजारी आणि गावातील संघटित माणसे. संस्थेचे नियोजन हे प्रामुख्याने या पहिल्या तासांसाठी आणि त्यानंतरच्या तीन दिवसांसाठी असावे.

कायद्यातील आपले स्थान

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे आहेत. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तळागाळात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा सहभाग वाढविणे हे जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यांपैकी एक म्हणून कायद्यातच नमूद आहे. म्हणजे आपण मदतीला जातो तेव्हा प्रशासनाच्या कामात लुडबुड करीत नाही. कायद्याने मानलेल्या भूमिकेतच उभे असतो. मात्र त्यासाठी संस्थेचे नाव, कार्यक्षेत्र, उपलब्ध इमारती, वाहने, स्वयंसेवक आणि संपर्क क्रमांक यांची माहिती तहसील कार्यालयाकडे आधीच लेखी दिलेली असावी. पुराच्या दिवशी तहसीलदारांना आपली ओळख करून देण्यास वेळ नसतो.

नियोजनाची पहिली पायरी : धोक्याची ओळख

आराखडा कागदावर नव्हे, पायी फिरून तयार होतो. उन्हाळ्यात एक दिवस ठरवून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी व वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी परिसरात फिरावे आणि एका मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढावा. मागच्या पुरात पाणी कोणत्या ओट्यापर्यंत, कोणत्या झाडापर्यंत आले होते हे गावातील वृद्ध माणसे अचूक सांगतात. त्या खुणा नकाशावर घ्याव्यात. विजेच्या तारा, रोहित्र, उघड्या विहिरी, जीर्ण भिंती, डोंगरउतारावरच्या नव्या भेगा, पाण्याखाली जाणारे फरशी पूल आणि कोणत्याही पावसात कोरडी राहणारी उंच जागा, हे सारे त्यात यावे.

धोक्याचा प्रकार ओळखणे फार महत्त्वाचे असते, कारण पूर आणि पूर यांतही फरक असतो. सांगली-कोल्हापूरकडील कृष्णा-पंचगंगेचा पूर चढत चढत येतो आणि आठवडाभर ठाण मांडतो. तेथे नदीची पातळी हीच घड्याळासारखी वाचावी लागते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला पाणी ५५ फुटांवर आणि सांगलीला ५७ फुटांवर गेले. अशा भागातील संस्थेने ‘पाणी अमुक फुटांवर आले की आम्ही अमुक करू’ असे आधीच लिहून ठेवले, तर निर्णयाला उशीर होत नाही. याउलट चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी रात्रीतून इतके वेगाने चढले की सामान हलविण्याससुद्धा उसंत मिळाली नाही. अशा ठिकाणी नियम वेगळाच असावा : अतिवृष्टीचा इशारा मिळताच, पाणी दिसण्याची वाट न पाहता, संध्याकाळीच वरच्या मजल्यावर किंवा उंच जागी जावे. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या पावसातील वीज हा मोठा धोका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन परिसरातील विजेची पूर्वसूचना देते. ते क्रीडाशिक्षकांच्या फोनमध्ये असलेच पाहिजे.

दुसरी पायरी : माणसांची यादी

सामाजिक संस्थेजवळ जी माहिती असते ती पुष्कळदा शासनाजवळही नसते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोणाला दिसत नाही, कोणाला चालता येत नाही, कोणती सून आठव्या महिन्यात आहे, कोणाला रोज इन्सुलिन लागते, कोणाचे डायलिसिस चालू आहे, हे बचत गटातील बायकांना आणि आशाताईंना ठाऊक असते. ही यादी वस्तीनिहाय लिहावी आणि प्रत्येक नावापुढे दोन स्वयंसेवकांची नावे घालावीत. ‘सर्वांनी वृद्धांची काळजी घ्यावी’ या वाक्याने कोणाचीच काळजी घेतली जात नाही; ‘या आजींना या दोघांनी उचलून शाळेत आणायचे’ असे लिहिले म्हणजे ते काम होते. ऊसतोड मजूर, वीटभट्टी कामगार, पालावर राहणारी भटकी कुटुंबे यांची नावे कोणत्याच नोंदवहीत नसतात. त्यांचा शोध मुद्दाम घ्यावा.

तिसरी पायरी : जबाबदाऱ्यांची वाटणी

संस्थेच्या समितीने पाच-सहा लहान गट करावेत : सूचना व संपर्क, स्थलांतर, प्रथमोपचार व आरोग्य, निवारा, अन्न व पाणी, आणि हिशेब व नोंदी. प्रत्येक गटाला एक प्रमुख आणि एक पर्यायी प्रमुख असावा, कारण प्रमुख स्वतःच पुरात अडकण्याची शक्यता असते. निर्णय कोणी घ्यायचा आणि ती व्यक्ती उपलब्ध नसल्यास पुढे कोणी, हे निःसंदिग्धपणे लिहावे. संस्थाचालक मुंबईत, मुख्याध्यापक बैठकीला आणि किल्ल्या शिपायाजवळ, अशा अवस्थेत निवाऱ्याचे दार उघडत नाही.

दूरध्वनी क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत : सर्वसाधारण मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि मुलांसाठी १०९८. त्याखाली तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि वायरमन यांचे क्रमांक असावेत. मोबाइलचे मनोरे बंद पडल्यावर काय करायचे हेही ठरलेले असावे. शाळेची घंटा, दवंडी, विहाराचा किंवा समाजमंदिराचा ध्वनिक्षेपक आणि दुचाकीवरचा निरोप्या ही जुनी साधने अशा वेळी कामी येतात. स्वयंसेवकांच्या उत्साहालाही शिस्त हवी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचा बुडून मृत्यू झाला. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. जीवरक्षक जाकीट नाही तर नावेत पाय नाही, आणि नावेची क्षमता ठरली त्यापुढे एकही माणूस नाही, हे नियम शांततेच्या काळातच मनावर बिंबवावे लागतात.

चौथी पायरी : निवाऱ्याचा हिशेब

शाळा किंवा सभागृह ‘सर्वांसाठी खुले’ करण्याआधी ते किती जणांचे आहे याचे गणित मांडावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मानकांनुसार निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट छताखालची जागा लागते. ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद सभागृहात या हिशेबाने फार तर ४७ माणसे राहू शकतात. आपण मात्र तेथे दोनशे माणसांची कल्पना करीत असतो. पिण्यासाठी माणशी रोज किमान तीन लिटर पाणी हवे. पिणे, स्वयंपाक व स्वच्छता मिळून पंधरा लिटर हे जगभरच्या मदतकार्यात मान्य झालेले प्रमाण आहे. दोनशे माणसांना दिवसाला तीन हजार लिटर पाणी झाले. टाकी तेवढी आहे का आणि वीज गेल्यावर ती भरणार कशी, याचे उत्तर आजच शोधावे. तीस माणसांमागे एक शौचालय धरले तर दोनशेंसाठी सात हवीत. स्त्रियांची शौचालये वेगळी, उजेडात आणि आतून कडी असलेली असावीत. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे दूध आणि स्तनदा मातांसाठी आडोसा या गोष्टी यादीत शेवटी येतात व म्हणून राहून जातात. त्या आरंभीच लिहाव्यात. तांदूळ, पीठ व डाळ मिळून माणशी अर्धा किलोहून अधिक धान्य रोज लागते. तीन दिवसांचा साठा पावसाळ्यापूर्वी उंच फळीवर ठेवावा.

पाण्याबरोबर साप येतात, डास येतात, अतिसार येतो. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे हे माहीत असावे. जलसंजीवनीची पाकिटे संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ती घरी करता येते. हे प्रमाण प्रत्येक विद्यार्थिनीला व विद्यार्थ्याला पाठ असावे.

निवासी शाळेची विशेष काळजी

दिवसाच्या शाळेतील मुले संध्याकाळी घरी जातात. निवासी शाळेतील मुले रात्रीही आपल्याच हवाली असतात. म्हणून येथील जबाबदारी दुप्पट आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकाची आग गवती छपराला लागली आणि अरुंद जिन्यामुळे वरच्या मजल्यावरची मुले बाहेर पडू शकली नाहीत. ९४ बालके गेली. या घटनेनंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली देशभरातील शाळांना अग्निशमन साधने बसविण्याचे, कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचे आणि इमारतींची सुरक्षितता तपासून घेण्याचे निर्देश दिले. स्वयंपाकघर शयनगृहापासून अलग असावे, गॅसच्या टाक्या बाहेर असाव्यात, प्रत्येक मजल्यास बाहेर पडण्याच्या दोन वाटा असाव्यात आणि रात्री कोणतेही दार बाहेरून कुलूप लावून बंद करू नये. मुलींच्या वसतिगृहात सुरक्षिततेच्या नावाखाली असे कुलूप पुष्कळ ठिकाणी लावले जाते. सुरक्षिततेसाठी पहारा ठेवावा, कुलूप नव्हे.

कवायत दिवसाच नव्हे, रात्रीही घ्यावी. अंधारात, झोपेतून उठून, किती मिनिटांत सर्व मुले मैदानात येतात आणि हजेरी पूर्ण होते हे मोजावे. मोठ्या वर्गातील प्रत्येक मुलाकडे एक लहान मूल सोपवावे. पालकांचे दोन-दोन संपर्क क्रमांक कार्यालयाबाहेरही एका वहीत असावेत.

आपत्तीत अनाथ झालेली किंवा चुकलेली मुले आपल्या दाराशी येतील, तेव्हा करुणेबरोबर कायदाही पाळावा. असे मूल मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती, पोलीस किंवा १०९८ या क्रमांकावर कळविणे बंधनकारक आहे. परस्पर प्रवेश देणे किंवा कोणा ‘नातेवाइकाच्या’ हवाली करणे टाळावे. अशा गोंधळातच मुलांचा व्यापार करणारे फिरत असतात.

पाचवी पायरी : कागद जपणे

पुरात भांडी वाहून जातात, ती पुन्हा घेता येतात. कागद वाहून गेले तर हक्क वाहून जातात. शिधापत्रिका, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे पुस्तक, घराच्या नोंदीचा उतारा यांवाचून शिष्यवृत्ती थांबते, प्रवेश अडतो, नुकसानभरपाई मिळत नाही. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांच्या आजोबांपासूनचे पुरावे गोळा करावे लागले, त्यांना याचे मोल सांगायला नको. संस्थेने उन्हाळ्यात दोन दिवसांचे शिबिर घेऊन प्रत्येक कुटुंबाची कागदपत्रे डिजिलॉकरवर ठेवून द्यावीत, छायाप्रती काढाव्यात आणि मूळ कागदांसाठी जाड प्लास्टिकची घट्ट बंद होणारी पिशवी द्यावी. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, जमिनीचे कागद, लेखापरीक्षण अहवाल व विद्यार्थ्यांचे जनरल रजिस्टर यांच्या प्रतीही दुसऱ्या गावी सुरक्षित असाव्यात.

याच्याशी जोडलेला विषय पंचनाम्याचा. नुकसानीची मदत पंचनाम्यावर ठरते आणि पंचनामा नोंदीवर. ज्यांचे घर गायरानावर आहे, जे भाड्याने राहतात, ज्यांचे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाही, त्यांचे घर पडूनही कागदावर पडत नाही. पाणी ओसरताच साफसफाईपूर्वी छायाचित्रे घेणे, साक्षीदारांच्या सह्या घेणे, तलाठ्याबरोबर प्रत्येक घरी जाणे आणि सुटलेल्या नावांचा लेखी अर्ज पोच घेऊन देणे, हे कार्यकर्त्यांचे काम अन्नाच्या पाकिटांइतकेच मोलाचे आहे.

मदतवाटप आणि समता

आपत्ती सर्वांना समान करते असे म्हणतात. अनुभव तसा नाही. २००१ चा कच्छचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांनंतर दलित वस्त्यांना मदत उशिरा किंवा कमी मिळाल्याच्या, निवाऱ्यात वेगळे बसविल्याच्या घटना मानवी हक्क संघटनांनी नोंदविल्या आहेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ६१ ने मदत व भरपाई देताना लिंग, जात, समूह, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांना मुखोद्गत असावे. कोठे भेदभाव दिसला तर तारीख, वेळ, ठिकाण यांसह लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी.

पण हाच आरसा आपल्यासमोरही धरावा. आपल्या संस्थेच्या दाराशी येणाऱ्याची जात, धर्म, पक्ष विचारला जाणार नाही, पंगत एकच राहील, पाण्याचा माठ एकच राहील, हे आपल्या वागण्यातून दिसले पाहिजे. वाटपाची यादी भिंतीवर लावावी; आलेल्या प्रत्येक वस्तूची व रुपयाची नोंद व्हावी. घेणाऱ्याचा हात पुढे आणि देणाऱ्यांचा घोळका मागे अशी छायाचित्रे काढू नयेत. संकटातल्या माणसाची अब्रू ही त्याच्याजवळ उरलेली अखेरची मालमत्ता असते.

आराखडा जिवंत ठेवणे

कपाटात ठेवलेला आराखडा वर्षभरात मरतो. फोन क्रमांक बदलतात, माणसे बदलतात, औषधांची मुदत संपते. म्हणून वर्षाचे वेळापत्रक असावे : मार्च-एप्रिलमध्ये इमारतीची व विजेच्या जोडण्यांची तपासणी, मे महिन्यात नकाशा, याद्या व साठा, जूनच्या पहिल्या आठवड्यात रंगीत तालीम, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये आढावा. त्या आढाव्यात काय चुकले ते लिहिले जावे. दोष कोणाला द्यायचा यासाठी नव्हे, तर पुढच्या वर्षी सुधारण्यासाठी.

या साऱ्याचा उपयोग होतो का, अशी शंका कोणाच्या मनात येईल. ओडिशाचे उदाहरण तिचे उत्तर देते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, त्यांपैकी अनेक इमारतींत एरवी शाळा भरतात. गावोगाव समित्या झाल्या, तालमी झाल्या. २०१३ साली ‘फायलिन’ हे तसेच प्रचंड वादळ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांपलीकडे गेली नाही. वादळ थांबले नव्हते. माणसे तयार झाली होती.

शाळा ही गावातील बहुधा सर्वांत भक्कम इमारत असते आणि शिक्षक हा सर्वांत विश्वासाचा माणूस. येथून शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी आपल्या वस्तीत परतल्यावर नकाशा काढू शकेल, यादी करू शकेल, जलसंजीवनी बनवू शकेल, अर्ज लिहू शकेल आणि मदतीच्या रांगेत शेवटच्या माणसाला पुढे आणू शकेल, तर त्याचे शिक्षण समाजाच्या कामी आले असे म्हणता येईल. पुढचा पावसाळा फार दूर नाही. त्यापूर्वी प्रत्येक संस्थेने निदान एवढे करावे : एक नकाशा, एक यादी, एक तालीम.